काळी-पांढरीच्या मधे

फागू बारसागडे व्हायोलिन वाजवायचा
आणि मी जनरेटर.
दोघांचीही नावं पोस्टरवर नव्हती.

वडसा-नागभीड छोटी लाइन होती तेव्हाची गोष्ट.
रनिंग रूममध्ये एक गार्ड उतरायचा, ऑब्री साहेब,
त्याच्याकडे तबकड्या, आणि पाठ तडकलेलं एक व्हायोलिन.
फागू त्याला अंडी न्यायचा.
डझनाला एक गाणं, असा भाव ठरला होता.
साहेब म्हणाला, ही गाणी कापूस वेचणाऱ्यांची.
फागू म्हणाला, आमच्याकडं तर धान.
साहेबानं विचार केला. म्हणाला, चालेल.

पेटीवर कोमल गंधार असतो, शुद्ध गंधार असतो.
साहेबाचा सूर दोघांच्या मधे जाऊन बसायचा.
भजनाचे मास्तर त्याला बेसूर म्हणत.
फागूनं ती जागा बोटानं शोधली,
रोवणीच्या बांधीत पाय शोधतो तशी:
थोडं पुढं, थोडं मागं,
जिथं बुडत नाही तिथं.

मग नागपूर. सात वर्षं.
रॉक बँड, खांद्यावर केस, कॉलेजांची गॅदरिंगं,
व्हायोलिनच्या पोटाला एम-सीलनं चिकटवलेला पिकअप.
गिटारवाला गिटार डोक्यावर उचलायचा, पोरं किंचाळायची.
फागूला उचलता येत नव्हतं,
हनुवटी लागते ना.
एक कॅसेट निघाली. आतल्या कागदावर छापलं: एफ. बारसागर.
माझ्याकडं आहे एक. बी बाजू ओढली जाते.

गिटारवाला बँकेत लागला, ड्रमवाला दुबईला गेला,
आणि फागू, धान निघाल्यावर, मंडईच्या दिवसांत
आमच्या नाटक कंपनीत आला.
नाइटचे दीडशे, जेवण वेगळं नाही.

पहिली नाइट सिंदेवाहीकडं, शंकरपटाच्या मैदानात.
खलनायकाच्या एन्ट्रीला त्यानं पेडल दाबलं.
हॅलोजन मंद झाले, माझं इंजिन खोकललं,
ऑर्गनवाले मास्तर खुर्चीतून उठलेच.
पब्लिक गप्प.
मग मागून, तणसीच्या ढिगावरून, कोणीतरी:
"वन्स मोर गा!"
खलनायकाला आत जाऊन परत यावं लागलं. तीनदा.

आणि तिसऱ्या अंकात, पोरगी घर सोडते तिथं,
त्यानं सगळी बटणं बंद केली
आणि तो मधला सूर एकटाच ओढला, हळू,
इतका हळू की नटी वाक्य विसरली.
नाटक सुटल्यावर पहाटे एक म्हातारी विंगेत आली.
"माई म्हैस असीच हंबरते जी, पारू मेल्यावर."
फागूनं ते वाक्य पेटीच्या झाकणाला आतून
खडूनं लिहून ठेवलं.
कोणी प्रमाणपत्र विचारलं की झाकण उघडायचा.

गजाचे केस ब्रह्मपुरीच्या वरातीतल्या घोडीचे,
राळ संपली की सालईचा डिंक.
तो घासला की सगळा पिट
देवघरासारखा वास मारायचा.

मग कीबोर्ड आला. त्यात सतरा नंबरला व्हायोलिन.
मालकानं फागूला बोलावून नंबर दाबून दाखवला.
फागूनं नीट ऐकलं.
म्हणाला, चांगलं आहे, याला भूक लागत नाही.
पुढचा एक सीझन तो माझ्या जनरेटरवर डिझेल टाकायला होता.
हे मी कोणाला सांगत नाही.

आता गावीच असतो, रेल्वे फाटकाजवळ.
छोटी लाइन मोठी झाली, शिट्टीचा भोंगा झाला.
मागच्या आठवड्यात गेलो होतो.
चहात त्यानं दोनदा साखर टाकली.
मालगाडी आली. त्यानं घाईनं व्हायोलिन मानेशी धरलं,
बोट ठेवलं, सरकवलं, परत सरकवलं.
डबे संपले. फाटक उघडलं.
"याच्यातबी एक जागा आहे," म्हणाला,
"पन गाडी थांबत नाही ना गा."